नेट गच्चीपर्यंत आलं होतं

पत्रक लिहिताना पहिल्या वाक्यात काय झालं ते सांगायचं, दुसऱ्यात ते कुणामुळं झालं, आणि तिसऱ्यात मागणी करायची, असं मला संघटनेत शिकवलं. ती सवय हाताला बसली आहे, म्हणून इथंही तसंच सुरू करते. माझ्या आक्काचं काम गेलं. नीट चालणारं इंटरनेट न मिळाल्यामुळं गेलं. कुणामुळं, ते पुढं येईल. मागणी मात्र काही नाही. मागणीची वेळ होऊन गेली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही कोल्हापूरजवळच्या उचगावचे. गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती. आबा उद्यमनगरात एका फौंड्रीत साचे करायला जात. आई घरात, पण अंथरुणावर. एका सकाळी भाकरी थापता थापता तिची उजवी बाजू गेली ती परत आली नाही. आक्का तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा दिली, पास झाली आणि घरात बसली. बसली असं लोक म्हणत. आईला उठवणं, भरवणं, पाठ पुसणं, कूस बदलणं, याला आमच्याकडं बसणं म्हणतात. मी कॉलेजात आणि संघटनेत. मोर्चाला मी, घरात ती. या वाटणीवर कुणी कधी पत्रक काढलं नाही, मीही नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला शहरात एक नवा कोर्स निघाला होता. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासतो आणि काय दिसलं ते यंत्रात बोलून ठेवतो. तो आवाज इंटरनेटवरून आपल्याकडं येतो. इथं कुणीतरी कानाला हेडफोन लावून तो ऐकतं, टाइप करतं आणि तिकडं परत पाठवतं. आई दुपारी झोपली की आक्का सायकल काढायची आणि शहरात जाऊन हे शिकायची. पुण्याच्या एका ऑफिसनं तिची परीक्षा घेतली आणि लगेच या म्हणाले. आक्का म्हणाली, आई आहे. तिथल्या मॅडम बऱ्या होत्या. घरून करा म्हणाल्या. अट एकच होती. फाइल वेळेत परत आली पाहिजे, आणि शनिवार-रविवारचं तुंबलेलं काम सोमवारी सकाळी घेऊन संध्याकाळच्या आत द्यायचं, कारण आपली संध्याकाळ होते तेव्हा तिकडं सोमवार उजाडतो.

आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पहिल्या फोनला आक्का 'पाठवतो मॅडम' म्हणाली तेव्हा पलीकडं कुणीतरी फिसकन हसलं. तेव्हापासून पुण्याचा फोन आला की आक्का आधी पदर सारखा करावा तसा आवाज सारखा करायची आणि 'पाठवते' म्हणायची. मला त्या हसण्याचा राग आला होता. तिला आला नाही. तिला काम पाहिजे होतं.

या कामाला एक पायडल लागतं. शिलाई मशीनचं असतं तसं, पण लहान, टेबलाखाली ठेवायचं. पायानं दाबलं की डॉक्टर बोलायला लागतो. पाय उचलला की गप्प. परत दाबलं की दोन शब्द मागं जाऊन पुन्हा बोलतो. आक्काच्या पायाला त्याची इतकी सवय लागली की जेवताना आबा मुकादमाची तीच ती गोष्ट सांगायला लागले की ती उजव्या पायाची बोटं जमिनीवरून वर उचलायची आणि म्हणायची, "थांबवला." आबा खरंच थांबायचे. मग ती बोटं खाली टेकवायची आणि आबा दोन शब्द मागं जाऊन पुन्हा सुरू करायचे. आई अर्ध्या तोंडानं हसायची. त्या दिवसांत आमच्या घरात हसायला तेवढंच होतं आणि तेवढं पुरायचं.

घरात एक जुना कॉम्प्युटर होता, बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून आबांनी आणलेला. टाइप करणं घरी व्हायचं. टाइप केलेलं हलकं असतं, ते घरच्या फोनला नेट लावून कसंबसं जायचंही. अडायचं ते आवाजाच्या फाइली आणण्यात. त्या जड. निम्मी फाइल उतरली की लाइन तुटायची, नाहीतर आत्याचा फोन यायचा, आणि सगळं पहिल्यापासून. शहरात ब्रॉडबँड आलं होतं. आमच्या बाजूला येणार होतं. हे 'येणार' आम्ही पाण्याच्या बाबतीत ऐकून होतो, रस्त्याच्याही. म्हणून रोज सकाळी आईचं आवरायचं, सिटी बसनं शहरात जायचं, कॅफेत बसून फाइली उतरवून सीडीवर घ्यायच्या आणि घरी येऊन टाइप करायचं. त्यासाठी बरं कॅफे पाहिजे होतं. ते शोधायचं काम माझ्याकडं आलं, कारण शहर मला पाठ होतं. भिंतीभिंतीवर पत्रकं चिकटवत फिरलेलं माणूस शहर विसरत नाही.

मोर्चाच्या आधी आम्ही पाहणी करतो. तशी मी कॅफेंची पाहणी केली. दर विचारायचाच नाही. लाइन कुठली, लाइट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ टिकतो, सीडी घालू देता का, आणि सोमवारी उघडं असतं का. शेवटच्या प्रश्नाला सगळे हसायचे. कोल्हापूर सोमवारी बंद. उद्यमनगर बंद, निम्मी बाजारपेठ बंद, केस कापणारासुद्धा बंद. अमेरिकेचा सोमवार आणि कोल्हापूरचा सोमवार यांचं जमत नव्हतं, आणि त्या दोघांच्या मधोमध आमची आक्का सीडी घेऊन उभी.

एसटी स्टँडजवळच्या कॅफेत प्लायवूडच्या केबिनी होत्या, प्रत्येकीला पडदा. मालकानं विचारलं, "काय पावणं, चॅटिंग का गेम?" मी म्हटलं, काम. त्यानं आम्हा दोघींकडं असं बघितलं की जणू मी काहीतरी घाण बोलले. आक्का आत बसली. शेजारच्या केबिनीतलं पोरगं फळीवरून डोकावायला लागलं. मी उठले, आमच्या केबिनीचा पडदा काढला, शेजारचाही काढला, दोन्हींच्या घड्या घालून मालकाच्या टेबलावर ठेवल्या आणि धुवायला टाका म्हणून सांगितलं. पोरगं पळालं. आक्का मान खाली घालून फाइली उतरवत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "उद्या कुठं बसायचं ते पण सांग आता." तेही खरं होतं.

राजारामपुरीतल्या कॅफेत वेग झकास. पण सीडी घालू देईनात, व्हायरस येतो म्हणे. मी म्हटलं, सीडीत अमेरिकेतल्या म्हाताऱ्याचा दमा आहे, व्हायरस नाही. मालक म्हणाला, "तेच ते." शाहूपुरीतल्या कॅफेत कॉलेज सुटेपर्यंत बरं चालायचं, सुटलं की पोरं लाइनवर तुटून पडायची. विद्यापीठाच्या वाटेवरचं एक पत्र्याखाली होतं. तिथं मशीनं उन्हानं मान टाकायची. आणि सगळ्यांच्या वर लोडशेडिंग. पत्रकात आम्ही भारनियमन लिहायचो, बोलताना लोडशेडिंगच. वेळापत्रक पेपरात यायचं आणि त्या वेळापत्रकाप्रमाणं लाइट कधीच जायची नाही, त्याच्या आधी जायची.

शेवटी ताराबाई पार्कात एक सापडलं. निवृत्त झालेले एक काका, कॉलेजात शिकवलेले, वरच्या मजल्यावर मशीनं टाकून बसले होते. लाइन चांगली, इन्व्हर्टर दमदार, पडदे फक्त खिडक्यांना. सोमवारी उघडं असतं का, असं विचारल्यावर न हसलेला कोल्हापुरातला हा पहिला माणूस. म्हणाले, "दुकान बंद असतं. पण घर कुठं बंद असतं? बाजूच्या जिन्यानं ये, बेल वाजव." आक्काला ते डॉक्टरीणबाई म्हणायचे. आली की विचारायचे, "आज काय, हृदय की किडनी?" आक्का लाजत सांगायची, गुडघा. काकूंचा चहा यायचा. तो कपबशीतूनच यायचा, सगळ्यांना येतो तसा. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आम्ही बघतोच. आम्हाला बघावंच लागतं.

वर्षभर चाललं. वर्षभर आक्का वेळेत होती. मॅडम म्हणाल्या, तिच्या कामात चुका सापडत नाहीत. आबांनी ते फौंड्रीत चार लोकांना सांगितलं. आक्कानं आईसाठी मागं टेकता येणारी खाट घेतली. आईला पहिल्यांदा खिडकीतून रस्ता दिसला. लग्नाचा विषय आत्या काढायची, तो आबाच मोडून काढायला लागले. मुलगी नोकरीला आहे, असं ते म्हणायचे. घरात बसलेल्या मुलीला ते नोकरीला आहे म्हणत होते, एवढा फरक त्या नेटनं केला होता. ते काम म्हणजे नुसता पगार नव्हता, आक्काचा नकार देण्याचा हक्क होता. मी हे पत्रकाच्या भाषेत बोलते, पण आक्का तेव्हा तशी चालायची, ताठ.

मग उन्हाळ्यात काकांचा मुलगा पुण्याहून आला आणि आईवडिलांना घेऊन गेला. घर बंद. काका अवघडून सांगत होते की तुझ्यापुरतं एक मशीन ठेवून किल्ली दिली असती, पण लाइनच कापायला सांगितली आहे. आक्का त्यांच्या पाया पडली. आमच्यात पाया पडत नाहीत, तरी पडली.

त्याच महिन्यात आमच्या गावात केबलवाल्यानं नेट द्यायला सुरुवात केली. गच्चीवरून गच्चीवर वायर टाकत तो पुढं यायचा. मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या शेजारच्या मामांच्या गच्चीपर्यंत आणतो की. तिथनं तुमच्या पत्र्यावर टाकली की काम झालं. खांबावरनं मला परवानगी न्हाय. मामांचं तेवढं बघा."

मामा म्हणजे वस्तीला लागून असलेलं पहिलं पक्कं घर. आम्ही लहानपणापासून त्यांना मामाच म्हणतो. आईची बाजू गेली त्या सकाळी मामांनीच जीप काढली होती. स्वतःच्या हातांनी आईला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि शहराच्या तोंडाशी असलेल्या सायबर चौकापासून दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नव्हता. हे मी पहिल्यांदा लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना एका शब्दात बसवाल. मीही बसवलं होतं. ते बसत नाहीत.

बुद्धपौर्णिमेला आम्ही खीर करतो आणि शेजारीपाजारी डबे देतो. मामांकडंही जातो. डबा दरवर्षी घासूनपुसून परत येतो. आतली खीर कुणी खाल्ली का गाईला घातली, ते आम्ही कधी विचारलं नाही. त्या वर्षी डबा घेऊन आक्का गेली, मागं मी. मामा घरात नव्हते, दर पौर्णिमेला ते नृसिंहवाडीला दत्ताला जातात. मामींनी मागच्या दारात डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला, वेलदोडा लई घातलायास म्हणाल्या. आक्कानं हीच वेळ धरली. सणाच्या दिवशी, हातात आपला डबा असताना, कोण नाही म्हणणार? आमच्या लोकांची ही जुनी चूक आहे. आम्ही सणाच्या दिवशीचं बोलणं वर्षभराचं समजतो.

मामी म्हणाल्या, "जाऊ दे की वायर. वायर काय टाकीतलं पाणी पिती व्हय?"

आणि स्वतःच हसल्या. आम्हीही हसलो.

त्याच दुपारी आक्कानं पुण्याला फोन लावला. आवाज सारखा करून सांगितलं की पुढच्या सोमवारपासून घरी नेट असेल, आता जास्त काम चालेल. मॅडम खूश झाल्या. त्यांनी तिला एका मोठ्या दवाखान्याचं काम दिलं, रोजचं, ठरलेलं, आणि ते नीट झालं तर कायम करून घेते म्हणाल्या. आबांनी कोपऱ्यातली पेटी हलवून टेबलाला जागा केली. आईला खाटेवरून मशीन दिसेल असं टेबल लावलं. आक्कानं पायडल पुसून ठेवलं.

रविवारी केबलवाला आला. वायर सोडत सोडत तो मामांच्या गच्चीवर पोचला, टाकीच्या पायपाला वेढा बांधला, छोटा डबा ठोकला आणि उरलेलं वेटोळं हातात घेऊन आमच्या पत्र्याकडं फेकायला उभा राहिला. आम्ही तिघं अंगणात माना वर करून. तेवढ्यात मामा बनियनवर वर आले. कुणी सांगितलं म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, मामींनी. मामी खाली दारात उभ्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. मामांनी त्याच्या हातातलं वेटोळं घेतलं आणि टाकीशेजारी ठेवलं. रागानं नाही. अगदी सावकाश. मग कठड्यावरून खाली वाकले.

"पोरीहो, माझं काय न्हाय. पण वर टाकी हाय पाण्याची. उद्या वायर तुटली, डबा बंद पडला, की तुमच्यातलं कोणतरी वर चढणार. ते बरं दिसत न्हाय."

मी म्हटलं, आम्ही कशाला चढू, केबलवाला चढेल, तो तर तुमच्याच भावकीतला आहे. मामा म्हणाले, आज असं म्हणतीयास. मी पुढं बोलणार होते. आक्कानं माझ्या दंडाला धरलं.

"मामा, एवढी एक वायर," ती म्हणाली.

"दुसरं काय पण माग, बाळ," मामा म्हणाले. "आईला कवा पण न्यायचं झालं तर हाक मार. गाडी काढतो. पण हे नको."

ते खरं बोलत होते, हे मला अजून सोसत नाही. गाडी त्यांनी काढलीच असती.

आबा आत गेले. केबलवाला उतरून गेला. मी कागद घेऊन बसले. मथळा तयार होता, दुसरं वाक्य तयार होतं, नाव-गावासकट. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्रक सबंध गावात गेलं असतं. आक्कानं कागद माझ्या पुढ्यातनं ओढला नाही, नुसती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "वाटून टाक की. पण मग आईला काय झालं तर कुणाच्या दारात जाऊ, ते पण लिही खाली."

मी लिहिलं नाही. आमच्या वस्तीत एकही चारचाकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी घरच्या फोनला नेट लावून बघितलं, पहिलीच फाइल निम्म्यात तुटली. संघटनेतल्या एकाची लूना मागून आणली आणि आक्काला मागं बसवून निघाले. राजारामपुरी बंद. शाहूपुरी बंद. ताराबाई पार्कात काकांच्या जिन्याला जाळीचं दार आणि कुलूप, तरी आक्कानं बेल वाजवून बघितली. विद्यापीठाच्या वाटेवर पत्र्याखालचं ते होतं, तिथला माणूस जोतिबाला गेला होता. माझी पाहणी मला पाठ होती, कुठं काय असेल ते मला आधीच माहीत होतं, तरी आम्ही प्रत्येक शटरपुढं उतरलो. शेवटी एसटी स्टँड.

ते उघडं होतं. पडदे परत लावलेले होते. मालकानं मला ओळखलं, पण काही बोलला नाही, आक्काचा चेहरा बघून बहुतेक. कडेची केबिन दिली. फाइली उतरायला लागल्या. एक आली. दुसरी आली. आक्का मशीनवरच्या त्या निळ्या पट्टीकडं आईच्या सलाइनकडं बघावं तसं बघत होती. तिसरी, सगळ्यात जड, निम्म्याच्या पुढं गेली आणि लाइट गेली. पंखे थांबले. कुठल्यातरी केबिनीतलं पोरगं हुर्यो करून ओरडलं. मालक म्हणाला, इन्व्हर्टर न्हाय, बसा, यील. पेपरात त्या वेळेला स्टँडच्या भागाचं नाव नव्हतं. आम्ही अंधाऱ्या केबिनीत बसून राहिलो. आक्काच्या मांडीवर सीडी होती, कोरी. लाइट आली तेव्हा ऊन उतरलं होतं.

त्या दिवशी तिनं दोनच फाइली पाठवल्या. मोठ्या दवाखान्याचं काम पहिल्याच दिवशी अडकलं. मंगळवारी मॅडमचा फोन आला. मी जवळ उभी होते. मॅडम ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या मऊच बोलल्या. तुमचं काम उत्तम आहे, पण मी वर काय सांगू, तुम्हीच म्हणालात घरी नेट आहे. आक्का म्हणाली, "व्हय मॅडम. मीच म्हणालो होतो." आवाज सारखा करायचा ती विसरली. या वेळी पलीकडं कुणी हसलं नाही.

का आलं नाही नेट, हे ती सांगू शकली असती. सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली की पुण्याच्या बाईला आपल्या गच्चीचं काय सांगायचं.

पुढं थोडे दिवस किरकोळ फाइली येत राहिल्या, मग त्याही थांबल्या. दुसरीकडं बघ म्हणून मी मागं लागले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, घरी नेट आहे का. आबांनी आत्याला नाही म्हणायचं सोडलं. पुण्याला जायचं होतं तेव्हा आईचं कोण बघणार, हा प्रश्न सगळ्यांना पडला होता. लग्न करून हुपरीला जायचं ठरलं तेव्हा तो कुणालाच पडला नाही. आबांनी फौंड्री सोडली आणि आईची कूस बदलायला शिकले. शिकता येतं, असं दिसलं. मग आधीच का नाही शिकले, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते स्वतःच्या बाजेची दोरी ताणत बसले.

वायरीचं वेटोळं मामांच्या टाकीशेजारी तसंच राहिलं. उन्हानं त्याचा काळा रंग राखाडी झाला. खीर दरवर्षी जाते. डबा घासूनपुसून येतो.

हुपरीत घरोघर चांदीचं काम. आक्काच्या सासरीही तेच, दुसऱ्याच्या मालावर. व्यापाऱ्याचा माणूस सकाळी पिशवीतून माल देऊन जातो, संध्याकाळी पैंजण घेऊन जातो. बायका उंबऱ्याशी उजेडात बसून कड्या जोडतात. पुण्याच्या मॅडमनी ज्याला घरून काम म्हटलं ते हेच, हुपरीला ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. फक्त इथं आणायला आणि न्यायला माणूस घरी येतो, त्याला कुणाची गच्ची लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात संघटनेनं मला लॅपटॉप दिला, आणि त्याला लावायचं बोटाएवढं मोबाइल नेट. दोन्ही घेऊन मी एसटीनं हुपरीला गेले. आक्का उंबऱ्याशीच होती, मांडीवर फडकं, फडक्यावर कड्या, हातात चिमटा. मी तिच्यासमोर मांडी घालून लॅपटॉप उघडला. रेंज पूर्ण. पानं धडाधड उघडत होती. एवढा वेग काकांच्याकडंही नव्हता.

"बघ की," मी म्हटलं.

तिनं हात पुसले. जुनं मेल उघडायला गेली, पासवर्ड अजून पाठ होता. खूप दिवस न वापरल्यामुळं खातं बंद केलं आहे, असं आलं. तिनं ते वाचलं. परत एकदा पासवर्ड घालून बघितला. मग लॅपटॉप माझ्याकडं सरकवला आणि चिमटा उचलला.

पुण्याच्या त्या ऑफिसात मी आधीच फोन केला होता. मॅडम सोडून गेल्या होत्या. तसलं काम आता तिथं कुणी करत नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. त्याऐवजी मी भलतंच बोलायला लागले. दुसरी ऑफिसं असतील, मी शोधते, नवीन खातं आत्ता काढू म्हटलं. मामांच्या गच्चीवर आता नवीन डबा बसलाय, त्यांच्या नातवाला नेट लागतं म्हणून, आणि परवा त्याच नातवानं मला फाइल कशी जोडायची ते विचारलं, हे सांगितलं. मी ते पत्रक तेव्हाच काढायला पाहिजे होतं, अजूनही काढीन, नाव घालून काढीन. माझा आवाज चढला होता. समोरच्या उंबऱ्यावरची बाई हात थांबवून बघत होती.

आक्का मान खाली घालून कडीत कडी अडकवत होती. माझं लक्ष खाली गेलं. तिच्या उजव्या पायाची बोटं फरशीवरून वर उचललेली होती.

मी थांबले. ती बोटं खाली टेकवेल म्हणून वाट बघत बसले. तिनं टेकवली नाहीत.